भारवाही वाट आणि तिची मर्यादा

उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आणि दक्षिणेस गोदावरीचे पात्र, या दोहोंच्या मधल्या पठारावर जे नगर प्रथम खडकी, पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते, त्याच्या उत्कर्षाचे श्रेय इतिहासकारांनी राजांच्या इच्छेला दिले आहे. परंतु राजाच्या इच्छेने वसलेली नगरे राजाबरोबरच ओसाड झाल्याची उदाहरणे दख्खनमध्ये थोडी नाहीत. हे नगर टिकले, याचे कारण त्याच्या वेशीवरून माल जात राहिला. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा या नावांतच शहराच्या निरनिराळ्या दिशांचा व्यवहार सामावलेला आहे. या दरवाजांतून कोणती सैन्ये गेली हे बखरींनी आणि तवारिखांनी नोंदविले. पण धान्य, मीठ, कापूस आणि कापड यांची ओझी कोणी वाहिली, ती वाहणारी प्रचंड वाहने आणि हलका प्रवासी यांनी एकच अरुंद वाट कोणत्या नियमाने वाटून घेतली, याचा इतिहास अद्याप विस्ताराने लिहिला गेलेला नाही. आज ज्या महामार्गांवर मालमोटारींच्या शेजारून जाताना माणसे प्राणास मुकत आहेत, त्या महामार्गांच्या काठी राहणाऱ्यांनी तरी तो जाणून घेतला पाहिजे.

या इतिहासाचा आरंभ प्रतिष्ठानापासून, म्हणजे आजच्या पैठणपासून करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापलीकडील व्यापाराचा जो वृत्तांत लिहून ठेवला, त्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. अकीकासारखे मौल्यवान दगड आणि जाडेभरडे कापड तेथून गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून बंदरापर्यंत नेले जाई, असेही तो सांगतो. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. डोंगर उतरून खानदेशात जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी व्यापाऱ्याने दान द्यावे, हे त्या वाटेच्या महत्त्वाचेच प्रमाण होय. म्हणजे जड गाडी आणि घाटाची वाट यांचा प्रश्न या भूमीत किमान दोन हजार वर्षांचा आहे.

चौदाव्या शतकात या वाटेला राजमार्गाचे रूप आले. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेली, तेव्हा दिल्लीपासूनच्या चाळीस दिवसांच्या त्या वाटेच्या दोन्ही बाजूंस झाडांची सावली असल्याचे आणि टप्प्याटप्प्यांवर डाकेच्या चौक्या असल्याचे वर्णन इब्न बतूताने करून ठेवले आहे. प्रवाशाला सावली आणि थांबण्याची निश्चित जागा देणे हे राज्याचे कर्तव्य होय, ही कल्पना त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. राजधानीचा तो बेत फसला, हे सर्वश्रुत आहे. परंतु रस्ता बांधणाराने रस्त्यावर थांबण्याचीही सोय केली पाहिजे, हा त्यातील विचार राजधानीहून अधिक टिकाऊ होता.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसविली, १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत तिला नवे नाव मिळाले, आणि सुरतेचे बंदर व गोवळकोंड्याची बाजारपेठ यांच्या मधला हा एक मोठा मुक्काम बनला. सतराव्या शतकाच्या मध्यास जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना दौलताबाद आणि औरंगाबादेवरून गेला. हिंदुस्थानातील मालवाहतुकीविषयी त्याने जे लिहिले आहे, ते आजच्या महामार्गावरील प्रवाशाने मुद्दाम ध्यानी घ्यावे असे आहे. तांदूळ, धान्य आणि मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्याने पाहिले. आणि अरुंद जागी असा तांडा समोरून आला म्हणजे प्रवाशाला तो संपूर्ण निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो नमूद करतो. मालाच्या मोठ्या गाड्यांचेही त्याने वर्णन केले आहे. शंभर-दोनशे गाड्यांचा काफिला, प्रत्येक गाडीला दहा-बारा बैल आणि सोबतीला चार शिपाई. गाडीवरून आडवे टाकलेले दोर दोन्ही बाजूंनी या शिपायांच्या हाती असत, आणि वाईट वाटेवर गाडी एका अंगाला कलू लागली की दुसऱ्या अंगाचे शिपाई दोर ताणून तिला सावरीत.

या वर्णनातून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली ही की, वाटेवर जड आणि हलका समोरासमोर आले म्हणजे वाट पाहण्याचे काम हलक्याकडे येई. त्यात उच्चनीचतेचा भाव नव्हता. मेण्यात बसलेला उमराव असो की घोड्यावरील जवाहिरा, दहा हजार लादलेल्या बैलांना मागे फिरविणे कोणालाच शक्य नव्हते, आणि जे शक्य नाही त्याची अपेक्षा न धरणे यालाच त्या काळी प्रवासाचे शहाणपण मानीत. दुसरी गोष्ट ही की, जड वाहन एकट्या माणसाच्या हाती सोपविलेले नसे. गाडी हाकणारा एक, आणि तिचा तोल, तिच्या बाजू व तिचा मागचा भाग पाहणारे आणखी चौघे, अशी ती व्यवस्था होती. या दोन गोष्टींपैकी पहिलीचा विसर आपल्याला पडला आहे आणि दुसरी आपण हळूहळू मोडीत काढली आहे, ही या लेखातील खरी चिंतेची बाब होय.

बैलांचे ते तांडे प्रामुख्याने लमाण-बंजाऱ्यांचे. तांड्याचा नायक हाच त्याचा कारभारी. मुक्काम कोठे करायचा, कूच केव्हा करायचे, पाण्याला कोठे उतरायचे, याविषयी त्याचा शब्द अखेरचा असे. तांड्याच्या अग्रभागी चालणारा बैल शृंगारलेला असे आणि त्याच्या गळ्यातील घंटेचा नाद वळणापलीकडच्या वाटसरूला तांड्याची आगाऊ वर्दी देई. मुक्काम वाटेपासून बाजूला, गोण्या रचून त्यांच्या आडोशाने होई. सैन्यांनाही या लोकांवाचून गत्यंतर नव्हते. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, त्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेचा धान्यपुरवठा बंजाऱ्यांच्या बैलांवरच मोठ्या अंशी अवलंबून होता. ज्यांच्या पाठीवर राज्ये चालली, त्यांची नावे कोणत्याही दरवाजाला दिली गेली नाहीत; तथापि वाटेवरील वर्तनाचा जो दस्तूर त्यांनी घालून दिला, तो कोणत्याही फर्मानापेक्षा कमी मोलाचा नव्हता. आपण येत आहोत हे दुरून कळविणे, चालत्या वाटेत मुक्काम न करणे, आणि एकाच्या आज्ञेत सर्वांनी चालणे, ही त्या दस्तुराची तीन कलमे होत.

राज्याच्या बाजूने याला जोड मिळाली ती सरायांची. अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर आणि माथ्याशी अजिंठा येथे मोगल अमदानीत बांधलेल्या सराया या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. घाट चढण्यापूर्वी आणि घाट चढून गेल्यानंतर माणसाला व जनावराला विसावा हवा, हे ओळखूनच त्यांच्या जागा निवडलेल्या दिसतात. थकलेल्या बैलाने घाट चढू नये आणि अंधारात वाटेवर कोणी उभे राहू नये, एवढी साधी गोष्ट साधण्यासाठी त्या काळच्या राज्यकर्त्यांनी चिरेबंदी भिंती उभारल्या.

वाटेचे सर्वांत कठीण स्थळ म्हणजे घाट. या जिल्ह्यातून उत्तरेस उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला अजिंठ्याची रांग ओलांडावी लागते. फर्दापूरचा घाट जळगावकडे नेतो आणि कन्नडचा घाट चाळीसगावकडे. कन्नडच्या घाटाला औट्रम घाट असे नाव आहे. १८२५ नंतर खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमची ती आठवण. बैलगाडीच्या काळात घाटाचे शास्त्र गाडीवानाला पाठ असे. चढणीवर बैल दमले की चाकामागे दगड लावायचा. उतरणीवर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून ती आवरत आवरत उतरवायची. आणि चढणारी भरलेली गाडी दिसली की उतरणाऱ्याने आपली गाडी बाजूला घ्यायची, कारण चढावर एकदा थांबलेले ओझे पुन्हा हलविण्यास दुप्पट बळ लागते. हेच तत्त्व पुढे कायद्यातही उतरले. १९८९ च्या रस्तेविषयक नियमांत, दोन वाहनांना पुरेशी रुंदी नसलेल्या डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनाला प्रथम जाऊ द्यावे, असे स्पष्ट कलम होते. गाडीवानाच्या अनुभवाला राजपत्राचा शिक्का मिळाला तो असा.

निजामाच्या अमलात या मुलुखाची वाहतूक सरहद्दींनी बांधलेली होती. अहमदनगरकडे जाणाऱ्या सडकेवर कायगाव टोक्याशी गोदावरी ओलांडली की इंग्रजी अंमल सुरू होई. अलीकडच्या तीरावर संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकातीचे खाते, मालाची झडती घेई. नाक्यावर गाड्यांची रांग लागे, गाडीवान उतरून पाणी पीत, बैलांना वैरण टाकीत. रात्री चालणाऱ्या गाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. गाडीवानाला त्या उजेडाचा उपयोग थोडा, मागून येणाऱ्याला अधिक. १९०० च्या सुमारास मनमाडपासून औरंगाबादवरून हैदराबादेकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि लांबच्या मालाचे ओझे बैलाच्या पाठीवरून उतरून आगगाडीवर गेले. बंजाऱ्यांचा परंपरागत व्यवसाय त्यामुळे मोडकळीस आला. कन्नड आणि सोयगाव या तालुक्यांतील अनेक तांडे कायमचे एका जागी स्थिरावले, आणि ज्यांचे पूर्वज धान्य वाहत देशभर हिंडले, त्यांच्या वंशजांना ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जाण्याची पाळी आली.

परंतु या लोहमार्गात एक व्यंग होते. त्याचे रूळ मीटरमापी आणि मुंबईकडे जाणारे रूळ रुंद मापाचे. त्यामुळे मनमाडला प्रत्येक गोणी एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हलवावी लागे. वेळ जाई, हमाली पडे, नुकसान होई. हे व्यंग १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत राहिले, आणि तेवढ्या अवधीत दारातून माल उचलून दारात पोचविणाऱ्या मालमोटारीने बाजी मारली. संस्थानी रेल्वेने १९३२ मध्ये सत्तावीस मोटारींनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली होती. मालाची मोटार मात्र खऱ्या अर्थाने फोफावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मन सहकार्याने ट्रक तयार होऊ लागले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढील दशकांत चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून नगर नाक्याच्या रस्त्यावर सुट्या भागांनी लादलेल्या गाड्यांची रीघ कधी थांबलेली नाही. पूर्वेकडून जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या लांबलचक सळया, दक्षिणेकडून पैठण-गंगापूरचा ऊस, उत्तरेकडून घाट चढून येणारा परराज्यांचा माल, असा चहूकडचा भार या शहराभोवती एकवटला.

नव्या वाहनाबरोबर नवा समाज आला आणि त्याने, कोणी न शिकविता, जुना दस्तूर नव्या रूपात पुन्हा उभा केला. ट्रकवर चालक एक आणि त्याच्या डाव्या बाजूला क्लीनर एक. क्लीनर हा बहुधा पंधरा-वीस वर्षांचा मुलगा; गाडी पुसणे, चाकांची हवा पाहणे, दोर आवळणे, ताडपत्री बांधणे ही त्याची नावापुरती कामे. त्याचे खरे काम डाव्या बाजूचा डोळा होणे हे होते. चालक उजवीकडे बसतो. डाव्या चाकांपाशी काय आहे हे त्याला दिसत नाही. खिडकीबाहेर डोके काढून, पत्र्यावर हाताने थाप मारून, क्लीनर त्याला वाट मोकळी आहे की नाही हे सांगे, आणि गाडी मागे घेताना उतरून मागे उभा राही. ताव्हेर्निएने पाहिलेल्या दोरधारी शिपायांचाच हा वारस होता. रात्री समोरून वाहन आले की दिवा खाली करणे, ज्याला सर्व चालक डिपर देणे म्हणतात, ही बंजाऱ्याच्या घंटेची आणि गाडीवानाच्या कंदिलाची परंपरा होती. ट्रकच्या पाठीवर भोंगा वाजवून पुढे जाण्याची विनंती रंगविलेली असे. ध्वनिप्रदूषणाच्या कारणास्तव महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती अक्षरे लिहिण्यास मनाई केली. तो निर्णय योग्यच होता. तथापि मागच्याने आपली चाहूल द्यावी, कारण पुढच्याला मागचे दिसत नाही, हे त्या अक्षरांच्या मुळाशी असलेले सत्य मनाईने नाहीसे होत नाही.

आज क्लीनर बहुतेक ठिकाणी दिसेनासा झाला आहे. भाड्याचे दर आणि डिझेलचा खर्च यांच्या कचाट्यात सापडलेल्या मालकाला दुसरा पगार परवडत नाही. राष्ट्रीय परवान्याच्या वाहनावर दोन चालक असलेच पाहिजेत, अशी जी अट होती, तीही २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी वाहनांची अधिकृत भारमर्यादा वाढविण्यात आली. दहा चाकी ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. ओझे वाढले आणि ते सांभाळणारी माणसे घटली. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगत असे. परंतु एकटा चालक, मुदतीत पोचविण्याचा तगादा, आणि मराठवाड्याचा वैशाखातील उन्हाळा यांच्यापुढे हे कलम कागदावरच राहिले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही त्या दृष्टीने स्वागतार्ह गोष्ट होय. कारण ज्याच्या जागेपणावर शेकडो अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून आहेत, त्याची सुखसोय ही चैन नव्हे.

जडभाराचे स्वरूप नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी वागण्याची मर्यादा कळत नाही. ताशी ८० किलोमीटरने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. चालकाच्या दृष्टीला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३३ मीटर रस्ता मागे पडलेला असतो, आणि थांबण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम मोटारीलाही लागू आहे. मात्र भरलेल्या ट्रकच्या बाबतीत हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक क्षणभर उशिरा लागतात आणि तापलेले असले तर त्यांची पकड सुटू लागते. म्हणून ट्रकच्या पुढे जाऊन लगेच त्याच्या समोर शिरणे, ज्याला रस्त्यावर कट मारणे म्हणतात, हे त्या चालकाच्या हातून त्याचे एकमेव संरक्षण, म्हणजे पुढचे मोकळे अंतर, हिरावून घेणे होय. आपल्या समोर त्याने जी जागा सोडलेली दिसते ती रिकामी नसते. त्याच्या ओझ्याने ती आधीच व्यापलेली असते.

दृष्टीचाही तोच प्रकार. उंच केबिनमधून दूरचे उत्तम दिसते, परंतु नाकासमोरचे, पाठीमागचे आणि विशेषतः डाव्या अंगाचे दिसत नाही. ट्रकच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या लेखी आपण तेथे नाहीच, हे दुचाकीस्वाराने पक्के ध्यानात ठेवावे. आपल्या रस्त्यांवर हा धोका एका विशिष्ट सवयीने वाढला आहे. डावी मार्गिका उभी वाहने, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि खड्डे यांनी अडलेली असते, म्हणून ट्रक उजवी मार्गिका धरून चालतात. मग अधीर झालेली मोटार त्यांना डावीकडून मागे टाकू पाहते, आणि जी बाजू चालकाला मुळीच दिसत नाही तिथेच, पूर्वी क्लीनर बसत असे तिथे आता कोणी नसताना, आपणहून शिरते. वळणावर तर लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतून, कोपऱ्याला चिकटून येतात. वाळूजच्या चौकात किंवा शहराच्या वळणांवर ट्रकच्या डाव्या अंगाला फट दिसते म्हणून तिथे घुसणाऱ्याला ही गोष्ट कोणी तरी आधी सांगितलेली असली पाहिजे.

घाटात या सर्व गोष्टी एकवटतात. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरविण्याची वाईट खोड अनेक अपघातांना कारण होते. ज्या गिअरमध्ये चढण चढावी लागते त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम गाडीवानाच्या आवरत उतरण्याचेच यांत्रिक रूप होय. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. पुढे तासन्‌तास होणाऱ्या कोंडीमुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून या घाटात जड वाहनांना मनाई करण्यात आली. ज्या वाटेने शतकानुशतके जड माल उतरला, तिथे जडालाच मज्जाव करावा लागला, याचा अर्थ हा की, दोहोंनी एकमेकांना वाट देण्याची परंपरा मोडली म्हणजे अखेर न्यायालयाला वाट वाटून द्यावी लागते.

आता या शहराच्या उत्तरेकडून समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरीपुढील अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मोटारीला ताशी १२० आणि ट्रकला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेल्या या सरळ, निर्मनुष्य मार्गावर समोरचा ट्रक चालतो आहे की उभा आहे, हे कळेपर्यंत मधले अंतर संपलेले असते. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी वैजापूरनजीक यात्रेकरूंना घेऊन नाशिककडे परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळला आणि बारा जण मृत्युमुखी पडले. २०२२ या एका वर्षात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्र सरकारची नोंद सांगते. मागून आदळण्याचे अपघात त्यांत मोठ्या संख्येने आहेत. वाटेत मुक्काम न करण्याचे बंजाऱ्यांचे कलम आणि मागच्यासाठी कंदील टांगण्याची गाडीवानाची रीत, या दोन्हींची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. बंद पडलेल्या वाहनामागे चमकणारा त्रिकोण पुरेशा अंतरावर ठेवणे, उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावणे, चाकामागे लावलेले दगड निघताना उचलून नेणे, ही कामे लहान आहेत आणि ती न केल्याची किंमत मोठी आहे.

तेव्हा कर्तव्यांची विभागणी स्वच्छ शब्दांत केली पाहिजे. हलक्या वाहनाने अंतर राखावे, डावीकडून शिरू नये, ट्रकच्या बाजूने रेंगाळत न जाता उजवीकडून निश्चयाने पुढे जावे, आणि पूर्ण ट्रक आरशात दिसल्याखेरीज त्याच्या पुढे वळू नये. पावसात आणि रात्री हे अंतर दुप्पट करावे. जड वाहनाने डावी मार्गिका धरावी, दिवे आणि पट्ट्या स्वच्छ ठेवाव्यात, भार मर्यादेत ठेवावा आणि झोप आली तर मुक्काम करावा. मालाच्या मालकाने पोचण्याची मुदत माणसाच्या शक्तीने मोजावी. आणि राज्याने, ज्याच्या पूर्वाधिकाऱ्यांनी फर्दापूर आणि अजिंठ्याला सराया बांधल्या, त्याने प्रत्येक महामार्गावर ठराविक अंतराने ट्रकचालकांसाठी सुरक्षित वाहनतळ, पाणी, जेवण आणि निजण्याची जागा उभारावी. रस्ता बांधून टोल घेतला म्हणजे राज्याचे काम संपले, असे मानता येणार नाही.

पूर्वीच्या वाटसरूला सावधपणा वाटेनेच शिकविला. तीन दिवस थांबल्यावाचून ज्याला पुढे जाताच येत नव्हते, त्याच्या संयमाचे श्रेय त्याला पूर्णपणे देता येणार नाही. आजच्या प्रवाशाला मात्र कोणी थांबवीत नाही. वीस दिवसांची वाट त्याने काही तासांवर आणली आहे, आणि पूर्वी जी मर्यादा मंदगतीने सक्तीने पाळवून घेतली, ती आता त्याने आपल्या बुद्धीने आणि स्वेच्छेने पाळायची आहे. या नगराने भारवाहकांच्या श्रमावर चार शतके वैभव भोगले. त्या भारवाहकाला पुढचे अंतर, रात्रीची विश्रांती आणि आरशात दिसण्याइतके सौजन्य देणे, हे त्याचे आपल्यावरील ऋण आहे, आणि ते फेडताना आपलाच प्राण वाचतो.